सहाशे एकेचाळीस भुतं आणि त्यांचा मुकादम

हौसाच्या घरापुढच्या खळ्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. काजू गोळा करायचे टाकून माणसं आली होती, कारण रावजी भगत भुतं मोजून दाखवणार होता. १९८४ साली पालीच्या आसपास भुतांची शिरगणती करणारा दुसरा भगत नव्हता, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

आकडा त्याला आयताच मिळाला होता. हौसाची सून सगुणा आठव्या महिन्यात होती. पोटात कळ नसताना रक्त गेलं म्हणून तिला रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलं होतं. रक्त थांबलं तशी हौसाने डॉक्टरांचं न ऐकता कागदावर अंगठा उठवला आणि तिला घरी आणलं. मुलगा मुंबईला गोदीत, विचारायचं कुणाला? सोबत मिळालेल्या दवाखान्याच्या कागदाच्या कोपऱ्यात ६४१.१ असं लिहिलेलं होतं. रावजीने ते उन्हात धरून वाचलं. सहाशे एकेचाळीस भुतं, आणि टिंबापुढचा एक हा त्यांचा मुकादम.

मग त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं. पोरीने बाळंत होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. "होय म्हाराजा," खळं एका सुरात म्हणालं. दवाखान्याची पायरी चढायची नाही. होय म्हाराजा. मध्येच रावजीला शिंक आली, तरी मागच्या दोघांनी होय म्हाराजा म्हटलंच. शेवटी त्याने नारळ फोडला आणि ताम्हनात लालभडक पाणी सांडलं.

"ह्या मुकादमाचा रगात," रावजी म्हणाला. हौसाने भीतीने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आरोग्य उपकेंद्राची कमळा नर्स ताम्हनात बोट बुडवून चाटत होती. बायका मागे सरकल्या. कमळाने ताम्हन हौसापुढे धरलं आणि चाखून बघायला सांगितलं. सुनेपायी हौसाने तेही केलं. आंबट, आणि वर खारट चव. दर वर्षी रातांबे फोडणाऱ्या बाईची जीभ भुताला थोडीच भिणार!

"रावज्या, ह्या तर माजाच कोकमाचा आगळ हाय," ती म्हणाली. "पित्त झालाय सांगून बाटली न्हेलीस ती."

रावजी डगमगला नाही. मुकादम कोकणातला असल्यामुळे त्याच्या अंगात आगळच असणार, असं त्याने जाहीर केलं. एकदोघे होय म्हाराजा म्हणालेही. कमळाने नारळाची शेंडी उपटली. खालच्या डोळ्याला भोक होतं आणि त्यात मेण भरलं होतं. पाणी काढून आगळ ओतायला तेवढं पुरे. आप्पा खोतांनी मात्र गंभीरपणे विचारलं, की मग बाकीची सहाशे एकेचाळीस गेली कुठे.

"ती भुतं नाहीत आप्पा, दुखण्याचा नंबर आहे. गावाला पोस्टाचा असतो तसा," कमळा म्हणाली. मग हौसाकडे वळली. "सगुणाच्या बाळाला पोसणारी वार खाली, पिशवीच्या तोंडावर बसलीय. बाळाची वाटच अडलीय. पहिलं रक्त पुष्कळदा आपोआप थांबतं. कागदावर लिहिलंय, मंगळवारी थांबलं. रावजीला निरोप कधी धाडलात?"

हौसाने आठवलं. गुरुवारी. आधी रक्त थांबलं होतं, भगत मागाहून आला होता.

"दुसरं कधी आणि किती जाईल, सांगता येत नाही. घरी गेलं तर गाडी मिळेपर्यंत सगुणा हाती लागायची नाही."

हौसा सुनेला आणायला घरात निघाली. रावजी आडवा येऊन उंबऱ्यात उभा राहिला, तर तिने त्याला हाताने बाजूला केलं. दुपारच्या आत सगुणा जीपमध्ये आडवी होती.

पाचव्या दिवशी दवाखान्यात दुसरं रक्त गेलं, ते धो धो. रक्ताच्या दोन बाटल्या तिच्या नावाने आधीच आणून ठेवल्या होत्या. पोट कापून बाळ काढलं. मुलगी, साडेचार पौंडांची, आणि आई शुद्धीवर. हौसा व्हरांड्यात बसून मनमोकळं रडली.

डोळे पुसते तर शेजारी नाटे गावची एक बाई बोचकं बांधत होती. तिच्या पोटुशी लेकीलाही रक्त गेलं होतं, आता थांबलं होतं, म्हणून घरी न्यायची होती. हौसाने तिचा हात धरला.

"थांबला म्हंजे बरा झाला, असा मलापन वाटला हुता," ती म्हणाली. "कशानं थांबला, परत जाईल काय, ता डॉक्टरला इचार. तवर लेकीला हलवू नको, बाय."

बाईने बोचकं सोडलं आणि ती डॉक्टरांना शोधायला उठली.