सासूबाईंच्या झग्याचा खिसा

व्हर्नाला नणंदेची ती खोकी डोळ्यांसमोर नकोशी व्हायची.

आयडेल ओहायोहून केंटकीच्या डोंगरात माहेरगावी राहायला आली ती पिझ्झाच्या दुकानातली कोरी खोकी घेऊनच. एका खोक्यात एकाच गोधडीचे कापलेले तुकडे. रंगवार लावलेले, गठ्ठ्यांना टाचण्या, झाकणावर नक्षीचं चित्र. चर्चच्या तळघरात गुरुवारी शिवायला जमणाऱ्या बायका बघून हरखल्या.

"शीक जरा, व्हर्ना," त्यांच्यातली मोझेल म्हणाली. "तुझे तुकडे कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यात!"

"आणि उरलेले बाथटबमध्ये," आयडेलने पुस्ती जोडली. "वहिनीकडे आंघोळ करायची तर आधी गोधडी शिवावी लागते."

सगळ्या हसल्या. व्हर्नाही हसली, पण आतून जळत होती. इतकी वर्षं या तळघरात तिच्या टाक्याचं नाव होतं, आणि आता कौतुक कशाचं, तर खोक्यांचं!

खरी आग मात्र जुनी होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना भरवणं, कूस बदलणं, सगळं व्हर्नाने केलं. त्या गेल्यावर तेव्हा ओहायोत राहणारी आयडेल आली आणि त्यांचे सुती झगे गाडीत घालून घेऊन गेली. व्हर्नाला कोणी विचारलंसुद्धा नाही.

पानगळीच्या दिवसांत आयडेल ऑपरेशनसाठी लेक्सिंग्टनला गेली. तिच्या मांजराला खायला घालायचं काम व्हर्नाकडे आलं. मांजर जेवलं आणि व्हर्नाची पावलं कपाटाकडे वळली. एका खोक्यावर 'आई' लिहिलं होतं. आत सासूबाईंचा निळ्या फुलांचा झगा चांदण्यांच्या नक्षीसाठी कापून ठेवलेला. वरच खिशाचा तुकडा होता. तो खिसा उसवला तेव्हा व्हर्नानेच टाके घातले होते.

"यावर माझा हात फिरलाय," ती मांजराला म्हणाली आणि तुकडा एप्रनमध्ये टाकला.

तो तिने आपल्या गोधडीत मधोमध शिवला. गोधडी सगळ्यांनी मिळून टाके घालायला तळघरातल्या लाकडी चौकटीवर ताणली, तेव्हा बरी होऊन आलेल्या आयडेलची सुई मध्येच थांबली.

"हा आईचा खिसा."

"हो."

"माझ्या खोक्यातला."

"घेतला मी. मागितला असता तर दिला असतास?"

"नसता दिला!" आयडेलचा आवाज चढला. बाकीच्या बायका माना खाली घालून शिवू लागल्या. "फोन केला की आईचं एकच. व्हर्नाने सूप केलं, व्हर्नाने केस विंचरले. मी भेटायला आले तर मला व्हर्ना म्हणून हाक मारली तिने! म्हटलं, झगे तरी माझे असू देत."

व्हर्नाने सुई खाली ठेवली. "अगं, मी त्यांचं शौचाचं भांडं उपसत होते. त्याचा हेवा?"

"हो, त्याचाच."

व्हर्नाने कात्री उचलली आणि टाका उसवायला घेतला. आयडेलने तिचा हात धरला. "नको. कापड विरलंय, फाटेल." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "त्यापेक्षा सांग मला. शेवटी शेवटी काय मागायची ती?"

व्हर्नाने सांगितलं. ताकात कुस्करलेली मक्याची भाकरी मागायच्या, खिडकी उघडी ठेवायला लावायच्या, नर्सला शिव्या घालायच्या. आयडेल हसली, रडली, पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

पण शेवटच्या आठवड्यात सासूबाई दाराकडे बघत रोज विचारायच्या, "माझी आयडेल आली का गं?" तेवढं मात्र व्हर्नाच्या तोंडून निघालं नाही. ओठांवर आलं होतं. तिने दोरा तोडला आणि सुईत नवा ओवायला घेतला.