बाहेरची कडी

“तोंड मिटू नको, मुडद्या! बाई अडलीय आत. तोंडसुद्धा उघडं ठेवायचं!”

कलाआत्या माझ्यावर ओरडली आणि ओरडून झाल्यावर तिनं स्वतःचंही तोंड मिटलं नाही.

“माशी जाईल,” मी म्हणलं.

“जाऊ दे.”

बाकावरचे सगळेच तोंड उघडून बसले होते. तालुक्याचा दवाखाना, भर दुपार, आणि आत लेबर रूममध्ये माझी बहीण कावेरी. पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणून सातव्या महिन्यात आम्ही तिला आणली. माहेर म्हणजे मी, आत्या आणि दारातला बाप. आई माझ्या वेळेलाच गेली, त्याच लेबर रूममध्ये.

बापाला दारातला म्हणतो कारण तो दारात असतो. मी जन्मलो त्या दिवशी तो घराच्या उंबऱ्यावर उभा राहिला, तो अजून तिथंच आहे. एक पाय आत, एक पाय बाहेर. जेवण तिथंच, झोप तिथंच, उभ्यानं. आम्ही त्याच्या काखेखालून वाकून ये-जा करतो. दूधवाला पिशवी त्याच्या बोटाला अडकवून जातो. त्यामुळं आमचं दार कधी लागलेलं मी बघितलेलं नाही.

आमच्याकडं बाई अडली की घरातलं सगळं सोडतात. कुलपं, गाठी, डब्यांची झाकणं, बायकांचे अंबाडे. सगळं मोकळं झालं की बाई मोकळी होते. आत्यानं सकाळीच घर सोडलं. ताई मोकळी होईना. मग आळी सोडली. तरी होईना. मग बाजार. आज बाजाराचा दिवस होता. पोत्यांची तोंडं सुटली, गाठोडी सुटली, जनावरांची दावी सुटली. म्हशी येऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या, त्यांचीपण तोंडं उघडी. सोडायच्या कामाला मी होतो. शाळा सोडल्यापासून कुणाचं काहीही काम निघालं की मलाच जुंपतात. मी गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या उघडल्या, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, शाळेचं गेट उघडलं. गेट लाथेनं उघडलं. चावी होती माझ्याकडं, तरी.

शेवटी आत्यानं दाराबाहेर उभं राहून स्वतःच्या चोळीची गाठ सोडली, आणि आतून बाळ रडलं.

“झाली मोकळी!” आत्या म्हणली. “माझी बाय मोकळी झाली!”

लेबर रूमचं दार उघडून सिस्टर बाहेर आली. बारीक बाई, आवाज मात्र पत्र्यावर दगड पडल्यासारखा. “मुलगी झालीय. ए, तू दारात उभा राहू नको.”

“मी कुठं दारात आहे? बाहेरच आहे.”

“मग बाहेरच राहा. आत नाहीतर बाहेर. मधे नको.”

ती परत आत गेली. दार ओढलं, पण ते लागलं नाही. सगळंच सोडलेलं होतं ना.

त्याच फटीतून रक्त आलं. बोटाएवढी रेघ. ती फरशीवर पसरली नाही. सरळ आली, माझ्या चपलेला वळसा घातला, पायऱ्या उतरली आणि बाजाराकडं निघाली. मी मागं गेलो. जे उघडं होतं त्यात ती रेघ शिरत होती. ज्वारीच्या पोत्यात शिरली, पोतं भरलं, बाहेर पडली, शेजारच्या पोत्यात शिरली. चहावाल्याची किटली भरली. एक म्हातारा तोंड उघडून पेंगत होता, रेघ त्याच्या पायावरून चढायला लागली. मी त्याची हनुवटी वर दाबली. तोंड मिटलं. रेघ जरा थांबली आणि परत खाली उतरली.

पळत दवाखान्यात आलो. फटीतून दिसत होतं, डॉक्टरबाईंनी ताईच्या पोटावर मूठ रोवली होती आणि सगळं वजन टाकून दाबत होत्या. “गर्भाची पिशवी आवळत नाहीये,” त्या म्हणत होत्या. “उघडीच राहतीय. अजून एक इंजेक्शन द्या.” ताईचा एक पाय दिसत होता. पायाचा रंग पांढरा व्हायला लागला होता, टाचेकडून वर.

मी आत्याला धरली. “मिटव सगळं!”

“मला सोडता येतं. मिटवता येत न्हाई.”

“मग मिटवतं कोण?”

“घरातला पुरुष.”

“माझ्या वेळेला कोण गेलतं मिटवायला?”

“तुझा बाप. बाजार मिटवला, आळी मिटवली, घरापत्तूर गेला आन् दारात थांबला. मिटलेलं सगळं परत उघडलं आन् तुझी आई गेली.” तिनं माझ्याकडं बघितलं. “तू त्याचाच. चल, हो पुढं, का इथंच माझ्याशी भांडत बसतोस?”

मला तिला एक लावून द्यावी वाटली. पण हात पुढं गेला तो तिच्या चोळीच्या गाठीकडं बोट दाखवायला. “ती तेवढी तरी बांध की.” आत्यानं बांधली. ताईच्या पायाचा अंगठा हलला.

मग मी सुटलो. पोत्यांची तोंडं सुतळीनं आवळली, टोपणं फिरवली, म्हशी दाव्याला बांधल्या. जे मिटवलं ते मागं उरत नव्हतं. पोतं बांधून वळलो की पोतं नाही, पोत्याखालची जमीनपण नाही, पलीकडचं दुकान अलीकडं सरकलेलं. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला तशी टाकी गेली. शाळेचं गेट ओढून लावलं आणि तिथं नुसती भिंत झाली, त्या भिंतीवर ‘शांतता राखा’ एवढंच राहिलं. एवढ्या घाईतपण मला बरं वाटलं.

माणसं सगळ्यात जड गेली. एकेकाचं तोंड मिटवायचं म्हणजे शिव्या खायच्या. तोंड मिटलं की चेहरा सपाट व्हायचा, पाटीसारखा. नाक डोळे काही नाही. सपाट झालेली माणसं गप घरी जायची आणि घरं त्यांच्यामागं मिटायची.

अशात दाजी आले. ताईचा नवरा, हनुमंतदाजी. मोटरसायकल पाडून तशीच सोडली आणि माझी गचांडी धरली.

“माझ्या बायकोला काय झालं ना, तुमच्या एकेकाला बघून घेतो! माहेरी पाठवली ती चूक झाली माझी!”

“दाजी, तोंड मिटा.”

“कुणाला सांगतो रे? दहावी नापास!”

“नापास नाही. बसलोच नाही परीक्षेला. तोंड मिटा.”

“तुझ्या आईला खाल्लंस, आता हिलापण...”

मी त्यांचं तोंड दोन्ही हातांनी मिटवलं. जरा जोरातच. चेहरा सपाट झाला. मग बघितलं तर त्यांच्या शर्टाची एक बाही दंडापर्यंत वर सरकवलेली होती. रक्त द्यायला आले होते. सपाट चेहऱ्यानं ते दवाखान्याकडं चालत गेले, तो हात पुढं धरून. पडताना निघालेलं पेट्रोलच्या टाकीचं झाकण मी बसवलं आणि मोटरसायकल गेली.

आता गाव म्हणजे एक बोळ उरला होता. दोन्ही भिंती माझ्या खांद्यांना घासत होत्या. बोळाच्या एका टोकाला दवाखाना, दुसऱ्या टोकाला आमचं घर. रक्ताची रेघ माझ्या दोन पायांमधून घराकडंच चालली होती. बापाच्या काखेखालून ती आत जात होती. आत डबे, हंडे, ट्रंक, सगळं भरत आलं होतं.

“बाजूला हो,” मी बापाला म्हणलं.

“कुठल्या बाजूला?”

“कुठल्यापण!”

“तेच ठरंना,” बाप म्हणला. त्याचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. त्याच्या आतल्या टाचेला चौकटीच्या फळीसारख्या रेघा आल्या होत्या, बाहेरच्या पायाच्या नखात गवत होतं.

“ताई मरायला लागलीय. तुझी पोरगी.”

“दिसतंय मला. रक्त पायावरनंच जातंय की.”

“मग?”

“कडी बाहेरून हाय, दिग्या. बाहेर जाऊन दार ओढायचं, कडी घालायची, की आतलं वाचतं. येवढंच करायचं व्हतं मला.” तो खाली रेघेकडं बघत होता. “मागं वळून बघितलं तर बाहेर काय ऱ्हायलंच नव्हतं. मीच सगळं मिटवून आलेलो.”

“मग काय केलंस?”

“ह्ये केलं.”

मी त्याला हाणला. छातीवर दोन्ही हातांनी. फळी उचकटल्यासारखा आवाज झाला, बाप चौकटीतून सुटला आणि आत उताणा पडला. पडल्यावर त्याला काय करावं कळेना. पाय हवेतच होते.

“बस,” मी म्हणलं.

“बसू?”

“बस की! काय विचारतोस?”

तो बसला. भिंतीला टेकून, मांडी घालून, पाहुण्यासारखा. ताईच्या लहानपणीचा एक कंगवा तिथं खाली पडला होता, तो उचलून बघायला लागला. मी दार ओढलं. आमचं दार लागताना कसा आवाज करतं ते मला माहीत नव्हतं. बारीक आवाज करतं. कडी घातली आणि हात काढला, तर हाताखाली कडी नव्हती, घर नव्हतं. रेघ माघारी फिरली होती, दवाखान्याकडं. मीपण तिच्यामागं पळालो. पाय उचलला की पायाखालचा बोळ मिटत होता.

दवाखाना म्हणजे आता ती एक खोली. मी तिच्या उंबऱ्यावर आहे.

आत ताई आहे. दाजींचं रक्त नळीतून तिच्या हातात चाललंय. दाजी शेजारच्या स्टुलावर सपाट बसलेत. आत्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं ताईचं पोट बांधायला टपलीय, पण डॉक्टरबाई मूठ काढत नाहीत. पोरगी पाळण्यात आहे. तिच्या मुठी मिटलेल्या आहेत. आम्ही अख्खं गाव उघडलं तेव्हापण ह्या मिटलेल्याच असणार, कुणाचं लक्ष गेलं नाही.

“घट्ट लागतंय हाताखाली,” डॉक्टरबाई म्हणल्या. “पण धरून राहत नाहीये. काय उघडं आहे अजून?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दाजींनीपण बघितलं, डोळे नसताना.

रेघ आता वीतभर उरलीय. पलंगाच्या पायापासून उंबऱ्यापर्यंत. माझ्या अंगठ्याला लागून थांबलीय.

“दिग्या,” ताईनं हाक मारली. तिचे ओठ पांढरे आहेत. “आत ये ना. पोरगी बघ.”

“बघितली की इथनं. तुझ्यासारखीच आहे, काळी.”

“तू काळा,” ताई म्हणली, आणि रेघ बोटभर पुढं आली.

“बोलू नका तुम्ही!” सिस्टर तिच्यावर खेकसली. मग माझ्याकडं वळली. “आणि तू रे? केव्हाचं सांगतीय. आत ये, नाहीतर बाहेर जा. दारात उभा राहू नको.”

कडी बाहेरून आहे. मी आत्ताच चाचपून बघितली.

मागंपण बघितलं. मागं पुसलेल्या फळ्यासारखं आहे. ओल्या फडक्यानं पुसलेला, अजून वाळलेला नाही असा. खाली पाय ठेवायला काही दिसत नाही.

हे सगळं सांगत बसलो, कारण सांगताना पाय हलवायला लागत नाही. उजव्या टाचेत मगापासून काहीतरी कडक होतंय. वास घेतला तर रंधा मारलेल्या लाकडाचा येतोय.

“आरं, जा की!” आत्या आतून ओरडली. “का तूबी तसलाच?”

“तसलाच नाही!” मी म्हणलं.

“मग तोंड मीट आन् नीघ!”

ताई माझ्याकडं बघतीय. पोरीनं एक मूठ उघडायला घेतलीय. कडी गार आहे. मला आता निघायला पाहिजे.