देठाला चिकटलेला तुकडा

जिन्सीचं कोपर लागलं आणि डॉक्टरांच्या टेबलावरचा काळ्या चहाचा ग्लास थेट अम्मच्चीने नेसलेल्या पांढऱ्याशुभ्र मुंडूवर आडवा झाला. ग्लास काही लपलेला नव्हता, चांगला डाव्या हाताशीच होता. पण कडेचं जिन्सीला दिसतच नव्हतं ना! समोरचं स्वच्छ, आणि दोन्ही बाजूंना जणू कुणी भिंती घातलेल्या.

"बघितलंत?" मुंडू झटकत तिची सासू डॉक्टरांना म्हणाली. "घरात रोज हेच. पण डोळ्यांचं राहू दे, डॉक्टर. डोक्यातली ती ग्रंथी तेवढी वाचेल ना? जोबीला बाळ हवंय."

"जोबी कोण?" डॉक्टर हफ्सत यांनी विचारलं.

"माझा मुलगा. हिचा नवरा. मस्कतला असतो."

डॉक्टरांनी कागदावर एक वाटाणा काढला, त्याला बारीक देठ काढला आणि भोवती बटाट्यासारखी गाठ.

"हा वाटाणा म्हणजे ग्रंथी. मेंदूला या देठाने लटकलेली. गाठ नाकातून काढायची. डोळ्यांच्या नसांवरचा भार तर मी उतरवणारच. पण देठाला चिकटलेला तुकडा ओढला तर देठ तुटेल, आणि मग पाळी, ताकद, तहान, सगळं जन्मभर औषधांवर. तुकडा तिथेच ठेवला तर ग्रंथी बहुतेक वाचेल. पण तो पुन्हा वाढू शकतो. दर वर्षी स्कॅन, कदाचित परत ऑपरेशन."

"ठेवा तुकडा," अम्मच्ची म्हणाली. मासळीवालीला 'डोकं ठेव, शेपूट काढ' म्हणावं ना, अगदी तसं.

जिन्सीच्या कानशिलातली शीर उडायला लागली. अख्ख्या त्रिशूरमधल्या बायकांना स्कूटर शिकवणारी ही बाई. मागच्या महिन्यात शिकणारीला मागे बसवून वळताना बाजूने आलेली बस तिला दिसलीच नाही. मागची किंचाळली म्हणून दोघी वाचल्या. हे तिने घरी सांगितलं, तर अम्मच्ची म्हणाली, स्कूटरच्या हादऱ्यांनीच तुझी कूस उजवत नाही. वैद्याचे कडू काढे झाले, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. लग्नात, बारशात अम्मच्ची तिची ओळख करून द्यायची, "ही आमची सून. अजून काही नाही." अजून काही नाही! आणि आता त्या 'काही नाही'चं कारण डोक्यात सापडलं, तर त्याचाही सौदा हीच करणार.

"अम्मच्ची, मुंडू धुऊन या. चहाचा डाग बसतो."

"बसू दे."

"धुऊन या म्हटलं ना."

जिन्सीचा आवाजच असा लागला की अम्मच्ची उठली. दार बंद झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आता तू बोल."

"तुकडा ठेवा. तो वाढला तर माझं मी बघीन. मला ताकद हवीय, रस्त्यावर दिवसभर उभी असते मी. पण त्यांना सांगा, ग्रंथी गेली. वाचली तरी सांगा, गेली."

"मी खोटं बोलत नाही, जिन्सी."

"मग बोलू नका. गप्प राहा."

डॉक्टरांनी चित्राचा कागद फाइलमध्ये ठेवला. "तुझ्या शरीरातलं कुणाला सांगायचं, ते तू ठरव. मला विचारलं तर मी तुझ्याकडे बोट दाखवीन. एवढंच."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर नाकात बोळे कोंबलेले, घसा कोरडा, आणि जिन्सीला पहिलं काय दिसलं असेल तर पडद्याची कड. मान न वळवता! मग कडेने सिस्टर आली, तीही दिसली. लघवी मापून झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि एका सकाळी डॉक्टरांनी हळूच सांगितलं, "ग्रंथी काम करतेय. आत्ता तरी तुला गोळ्यांची गरज नाही."

त्या बाहेर पडल्या तशी अम्मच्चीने त्यांना दारातच गाठलं. "वाचली का?"

"जिन्सीला विचारा."

अम्मच्ची खाटेशी आली. जिन्सीने हा क्षण किती वेळा घोळवला होता मनात. म्हातारीचा चेहरा कसा पडेल, ती छाती कशी बडवेल, आणि आपण कसं नुसतं बघत राहू.

"गेली," ती म्हणाली.

अम्मच्चीने छाती बडवली नाही. ती खिडकीकडे गेली, खालचा रस्ता बघत राहिली, मग बाहेर गेली. आली ती भाताची पातळ कंजी घेऊन. वर हिरव्या मुगाची उसळ. चमचाही स्वतःच तोंडाशी धरला. जिन्सीने तो हिसकावून घेतला.

"माझे हात शाबूत आहेत."

"माहितीय. खा."

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर आल्या, तर अम्मच्ची चष्मा लावून तयारच. "गोळ्यांचं मला सांगा, डॉक्टर. हिला नका सांगू. क्लासच्या नादात ही जेवण विसरते, गोळ्या काय लक्षात ठेवणार? जन्मभर म्हणालात ना? मी आहे तोवर मी देईन. नंतरचं नंतर." तिने मोबाइल काढला, बोटाला थुंकी लावून गजराचं पान उघडलं. "मोळे, किती वाजताचा लावू?"

मोळे! म्हणजे पोरी. तिला पोरी म्हणाली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जिन्सीला असा संताप आला की खाटेची कड तिने घट्ट धरली. पाच वर्षं जमवलेला राग, आणि आता म्हातारी ही अशी समोर उभी, चष्मा नाकावर, बोट हवेत.

डॉक्टर हातातले कागद चाळत होत्या. वर बघतच नव्हत्या.

"लावू नका," जिन्सी म्हणाली.

"म्हणजे? चुकली एखादी तर?"

"स्टूल घ्या. बसा. एक सांगायचंय. पण ऐकून रडायचं नाही. चर्चमध्ये मेणबत्ती लावायची नाही. आणि मस्कतला फोन करायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही."

"मग करायचं काय?"

"गप्प बसायचं."

अम्मच्चीने डॉक्टरांकडे पाहिलं, मग जिन्सीकडे. जिन्सीने नजर हटवली नाही. अम्मच्चीने पायाने स्टूल ओढलं, मोबाइल मांडीवर पालथा घातला आणि बसली.