शेकाच्या मशीनवरचा आळ

मी एक जुनी शेकाची मशीन आहे. बघा, पहिल्याच वाक्यात घोळ! मित्रांनो, शेक म्हटलं की तुम्हाला गरम पाण्याची पिशवी आठवते. माझं डोकं मात्र थंडगार. त्यावर थंड जेल फासतात, तेव्हा पेशंट दचकून विचारतात, "अगं बाई, हा शेक आहे की बर्फ?" खरं तर मी सोडते तो आवाज. तोही असा की माणसालाच काय, मलासुद्धा ऐकू येत नाही. तो कातडीखाली शिरून आतल्या आत ऊब देतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी काही आत जाऊन पाहिलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझं डोकं पाण्यात बुडवलं, पाणी थरथरलं आणि मी पास झाले! मग दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या या खोलीत आले. दोन खाटा, एक हिरवा पडदा, भिंतीवर हाडांचं चित्र. शेकवाल्या ताईंनी मला चाकांच्या टेबलावर बसवलं. पाठी, टाचा, कोपरं, माना, सगळ्यांवरून मी गोल गोल फिरले. "मशीनला गुण आहे हो," असं लोक म्हणायचे आणि मी दिव्यातल्या दिव्यात लाजायचे.

मग शिंपीकाका आले. त्यांचा उजवा खांदा आखडलेला, कात्री उचलली की कळ यायची. त्यांना तरुणपणापासून फीट येत असे, पण गोळ्यांनी ती आटोक्यात होती. माणूस मापाचा पक्का. सांगाल तेवढंच करणार, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही.

शेजारच्या खोलीत एक डॉक्टर बसायच्या. दर वाक्याला 'का?' विचारायच्या, म्हणून सगळे त्यांना का-मॅडम म्हणत. फीटच्या गोळ्या शरीरात जास्त झाल्या की त्या विषासारख्या कशा वागतात, हा त्यांचा अभ्यास. अशा गोळ्या घेणाऱ्यांना माझ्या उबेने काही अपाय होतो का, हेही त्यांना बघायचं होतं. त्यासाठी पेशंटची संमती घेऊन त्या एक युक्ती करत. काही दिवस माझा दिवा लागे, घड्याळ चाले, पण आवाज बंद! खरा दिवस कुठला नि खोटा कुठला, ते बंद पाकिटात. ताईंना माहीत नाही, काकांना नाही, आणि मला तर नाहीच नाही.

दोन आठवडे गेले आणि काका डुलायला लागले. खाटेवरून उतरले की भिंत धरायचे. "ताई, सुईला दोन भोकं दिसतात," ते म्हणाले. "दोरा कुठल्यात घालू?" त्याच संध्याकाळी ते घराच्या पायरीवरून पडले. कपाळाला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांची लेक तणतणत आली. "या मशीनपायी झालंय सगळं! शेजारीपाजारी विचारतात, काका घ्यायला लागले का म्हणून! उद्या जिन्यावरून पडले तर?"

ताईंनी माझ्यावर चादर टाकली. मी पार गोंधळले. आपण काय सोडतो हे आपल्यालाच ऐकू येत नसेल, तर आपण निर्दोष आहोत हे छातीठोकपणे सांगायचं कसं? छाती तरी कुठे आहे म्हणा!

का-मॅडमनी काकांचं रक्त तपासायला पाठवलं आणि पाकीट फोडलं. कागद दोनदा वाचला. "काका आले त्या चारही वेळा मशीनचा आवाज बंद होता."

"बंद?" ताई ओरडल्याच. "आणि खांदा?"

"खांदा झकास आहे की!" काकांनी हात वर करून दाखवला आणि तोल जाऊन खाटेवर बसले.

मित्रांनो, आळ गेला म्हणून हसू की श्रेय गेलं म्हणून रडू, मला कळेना.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. फीटच्या गोळीचं प्रमाण नको तितकं वाढलेलं.

"काका, गोळ्या जास्त घेता का?" का-मॅडमनी विचारलं.

"छे हो! कागदावर आहे तेवढीच. जेवणानंतर एक."

सगळ्यांनी माना हलवल्या. बरोबरच होतं की! पण का-मॅडमच्या डोळ्यांत प्रश्न तसाच. "आणि जेवता किती वेळा?"

"पाच."

ताईंच्या हातातली जेलची बाटली आडवी झाली. काकांना छातीत जळजळ व्हायची, म्हणून ताईंनीच सांगितलं होतं, "एकदम पोटभर नको, थोडं थोडं पाच वेळा जेवा." काका जेवले. आणि दर जेवणावर एक गोळी.

"बाबा, दोन बिस्किटं म्हणजे जेवण?" लेकीने कपाळावर हात मारला.

"ताई म्हणाल्या जेवा. मी कोण त्याला खाणं म्हणणारा?"

कुणालाच हसू आलं नाही. गोळी कमी किती करायची नि कशी, ते डॉक्टरांनी ठरवलं, कारण ती एकदम सोडली तर फीट उसळते. काकांना दवाखान्यातच ठेवलं. दहा दिवसांनी ते भिंत न धरता माझ्या खोलीत आले.

नव्या कागदावर 'जेवण' हा शब्दच नव्हता. सकाळी आठ, रात्री आठ. ताई म्हणाल्या, "आता मला परत सांगा, काय समजलं?" काकांनी बिनचूक सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाले, "ताई, एक विचारू? रात्री आठला डोळा लागला असेल तर?"

ताई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

माझ्यावरची चादर निघाली. मी बरं करते की नुसती दिवा लावून मिरवते, याचा अभ्यास अजून चालू आहे आणि मीही निकालाची वाट बघतेय. तोवर मित्रांनो, कुणी मान हलवली म्हणजे त्याला समजलं, असं धरून चालू नका. त्याच्याकडून एकदा वदवून घ्या. आणि माझ्यासारख्या मुक्या मशीनवर खापर फोडण्याआधी ती चालू तरी होती का, एवढं बघा!