घंटाघराचा पत्रा

उत्तरेकडच्या थंड हेल्सिंगलंड प्रांतातल्या त्या गावात कुणी कुणाला वाईट म्हणून बोलत नसे. आल्गोत पत्रेवाल्याचं दुःख नेमकं तेच होतं.

चर्चशेजारच्या लाकडी घंटाघरावर त्यानं ऐन उमेदीत पत्रा चढवला होता. माथा घंटेसारखाच, खाली घेर घेत फाकलेला. काही हिवाळे गेले आणि आत पाणी झिरपू लागलं, घंटेची तुळई काळी पडली. गावानं गुपचूप वर डांबराचं ठिगळ लावलं. 'आल्गोत, हे रे काय केलंस?' असं एकानं जरी म्हटलं असतं, तरी त्याला भांडता आलं असतं. कुणी विचारलंच नाही, म्हणून तो स्वतःलाच विचारत राहिला : पत्रा पातळ पडला का?

आता तो माथा नव्यानं मढवायचं काम त्याच्या मुलीकडे, गुनवोरकडे आलं होतं. बापाचा धंदा तिनं उचलला, तसा बापाचा सलही उचलला. बापाच्या पॉइंट सहा मिलिमीटरच्या पत्र्यानं घराचं नाव घालवलं, तर आपण पॉइंट आठचा घालू, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण नमुन्याचा तुकडा अंगणात घेऊन बसली, तर वेगळीच गत. सरळ कडेला पत्रा नीट दुमडला. वळणाशी आला आणि अडून बसला. लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून मनगट भरून आलं, तरी सांध्याची दुहेरी घडी मिटेना. नख शिरेल एवढी फट राहिलीच, आणि नख शिरतं तिथं पाणी शिरतंच. जाड घ्यावा तर सांधा उघडा, पातळ घ्यावा तर बापाची चूक पुन्हा आपल्या हातून.

पत्र्याचा दुकानदार ऑर्डरसाठी खोळंबला होता. शेवटी ती म्हणाली, जुना पत्राच उकलून बघू, तो काय सांगतोय.

बर्चच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती. चर्चचा म्हातारा रखवालदार सिक्स्टेन तिच्यामागोमाग धापा टाकत परांचीवर चढला.

"काका, तुम्ही खालीच थांबायचं ना!"

"अगं, इतकी वर्षं ही घंटा मी ओढतोय. तिचं डोकं बघायचा मान तुला एकटीला?"

गुनवोरनं एक सांधा हलक्या हातानं उकलला. मग दुसरा. घडीच्या आतला पत्रा नव्यासारखा चकचकीत होता. इतक्या वर्षांत पाण्याचा थेंब तिथं पोचला नव्हता. वळणावरही घडी अशी मिटलेली, की जणू झोपलेल्या पोराची मूठ. तिला बापाचे हात आठवले.

"मग गळत कुठून होतं गं?" सिक्स्टेननं विचारलं.

तिनं डांबराचं ठिगळ खरवडून काढलं. खाली पत्र्याला भोक होतं, आणि भोकात गंजलेल्या स्क्रूचं तुटकं खोड.

"हा बाबांचा नाही. ते वरून कधी स्क्रू मारत नाहीत. इथं काय टांगलं होतं, काका?"

सिक्स्टेननं वाकून त्या खोडावर बोट ठेवलं.

"तारा," तो म्हणाला. "नाताळचा तारा. गावाला लांबून दिसावा म्हणून मी... पुढं तो फाटकावर नेला, तेव्हा आकडा मोडून काढला." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "लोकांनी किती कौतुक केलं होतं त्याचं."

गुनवोरच्या ओठांवर शब्द आले होते, पण तीही त्याच गावची. तिनं वळणावरचा एक तुकडा कापायला घेतला. म्हातारा एकेक पायरी चाचपत खाली उतरला आणि घराकडे निघून गेला.

संध्याकाळी तिनं वळणावरचा कापलेला तुकडा बापाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. आल्गोतनं चष्मा शोधला नाही. त्यानं अंगठा सांध्यावरून फिरवला. एकदा, परत एकदा.

"कोरडा होता?"

"ठणठणीत, बाबा. पत्रा बरोबरच होता तुमचा. मीही पॉइंट सहाच मागवतेय. सकाळीच फोन करते."

आल्गोतनं एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरची मेणबत्ती विझते की काय असं वाटलं. मग तो हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला.

"तारा! अरे देवा, तारा! आणि मी मेला रात्रंदिवस मिलिमीटर मोजत बसलो."

"बसा, सूप गरम करते."

पण तो उठला होता. खुंटीवरचं जाकीट काढून बाही शोधत होता.

"आत्ता कुठं निघालात?"

"सिक्स्टेनकडे. एकटा बसला असेल. गाव त्याला चकार शब्द बोलायचं नाही, तूही बोलली नसशील."

गुनवोर ओशाळली. "मग तुम्ही काय बोलणार?"

"दोन सणसणीत शिव्या घालणार," आल्गोत दार उघडत म्हणाला, "आणि मग कॉफी मागणार."