पहार येशूकडे आहे

भट्टीवालीचं आणि येशूचं भांडण सकाळी जुंपलं ते दुपार झाली तरी मिटेना. म्हणजे बोलत होती ती एकटीच. येशू नेहमीसारखा ऐकून घेत होता.

“सुताराच्या घरात वाढलास ना तू? मग रंधा मारायचा सोडून माझ्या विटांत कशाला लक्ष घालतोस? आणि घालतोस तर नीट घाल की! हा पश्चिमेचा वारा आजच सोडायचा होता?”

असं म्हणत ती चिखलाचा एकेक गोळा भट्टीच्या अंगावर थापत होती. एवढ्या जोरात थापत होती, की मार भट्टीला बसतोय का येशूला, तेच कळेना.

मी माझी आठ गाढवं घेऊन शेजारी उभा होतो. नदीकाठची माती तिच्या भट्टीवर आणायची आणि भाजलेल्या विटा गिऱ्हाइकाच्या दारात टाकायच्या, हा माझा धंदा. त्या आठांतलं म्हातारं गाढव तर माझंही ऐकत नाही. भट्टीवालीचा नवरा, म्हणजे आमचा दादा, सोडून दुसऱ्या कुणी त्याच्या गळ्याला हात लावला की चावतं. देवाधर्माशी माझं नातं एवढंच, की येशू गावात शिरला तो गाढवावर बसून, असं पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून मी चर्चच्या दारापर्यंत जातो. आत जात नाही. गाढवं कोण बघणार?

तर ही भट्टी तिची पहिलीच. दीड महिन्यापूर्वी विटांची थप्पी ढासळली आणि दादाचा पाय मोडला. तेव्हापासून तो प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून खिडकीशी पडून होता. तिथून ओरडून सांगायचा आणि ही करायची. माती तुडवली, साच्यातून वीस हजार विटा पाडल्या, वाळवल्या, भुसा आणि लाकूड पोटात घालून रचल्या. हाताची सालटी निघाली, पण केलं.

तिचा दीर, धाकटा, रोज बांधावर उभा राहून दात कोरायचा.

“वहिनी, यात स्वयंपाक होईल, विटा नाही व्हायच्या.”

शेवटी एके दिवशी पाळकसाहेबांच्या समोरच बोलणं झालं. भट्टी पक्की निघाली तर धाकट्याने जन्मभर तोंड उघडायचं नाही. बिघडली तर साचे धाकट्याच्या अंगणात. जागा दोघा भावांची, त्यामुळे साचे ज्याचे त्याची भट्टी. साचे गेले असते तर दादाला पुढचं सगळं आयुष्य भावाच्या हाताखाली मजुरी करावी लागली असती, तीही लंगडत. हे तिला माहीत होतं, म्हणून तर येशूची एवढी खरडपट्टी चालली होती.

भट्टी पेटवली, आग पोटात धरली, की खालची तोंडं चिखलाने बंद करायची आणि सात दिवस हात लावायचा नाही. गार वारा आत शिरला की तापलेल्या विटा तडकतात. नियम सोपा आहे, पण या बाईला झाकण म्हणून सहन होत नाही. चुलीवरचं पातेलं दहादा उघडून बघणार. दादा धडधाकट होता तेव्हा सातही दिवस तिला भट्टीकडे फिरकू देत नसे.

तिसऱ्या दिवशी धूर थांबला.

धाकटा लगेच हजर. पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवून म्हणाला, “गार पडली. वहिनी, विस्तव मेला. आत्ता फोडून परत पेटवलीत तर काहीतरी वाचेल. उद्या माझ्या नावाने बोटं मोडू नका.”

खिडकीतून दादा ओरडला, “अगं, वारा भिंत गार करतो, पोट नाही! हात लावू नकोस!”

“झोपून कळतं होय रे तुला?” धाकटा म्हणाला.

ती पहार घेऊन मध्ये उभी. पहारेचं टोक जमिनीवर टकटक आपटत होती. मला वाटलं, घातली आता. पण ती एकदम वळली आणि पहार खांद्यावर टाकून गावाच्या दिशेने चालू लागली. मी मागोमाग. हे बघायचं सोडून माती कोण आणतो?

पाळकसाहेब चर्चच्या पायरीवर सायकलचं पंक्चर काढत बसले होते. खांद्यावर पहार घेतलेली बाई अंगावर येताना बघून ते उठूनच उभे राहिले.

“काय झालं, बाई?”

“ही ठेवून घ्या.”

“कुठे?”

“येशूकडे. तुम्हीच म्हणता ना दर रविवारी, भार त्याच्यावर टाका? घरातल्या भारापैकी हात लावता येण्यासारखा एवढाच आहे. माझ्याजवळ राहिली तर दिवस उजाडायच्या आत भट्टी फोडीन मी.”

पाळकसाहेबांना बरं वाटलं. त्यांनी मान हलवली, घसा साफ केला. “बाई, आकाशातल्या पाखरांकडे बघा. ती कुठे चिंता करतात?”

“पाखरांना विटा पाडाव्या लागत नाहीत, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “आणि त्यांना दीरही नसतो.”

तिने आत जाऊन पहार प्रार्थनेच्या टेबलाखाली सरकवली आणि आली तशी निघून गेली. मला हसू आलं. लोक देवाला नवस बोलतात, हिने देवाला हमाल केलं.

पण पुढचे दिवस हसण्यासारखे नव्हते. चौथ्या दिवशी मी माती टाकायला गेलो तर ती भट्टीला पाठ करून बसलेली. हात ओच्यात घट्ट धरलेले. मी आलोय हे तिला कळलंच नाही.

“घाबरलेय रे,” ती बोलत होती. “खोटं कशाला सांगू? विश्वासबिश्वास आज काही नाही माझ्याजवळ. काल होता थोडा, रात्री संपला. आत काय चाललंय ते तुला दिसतंय, मला दिसत नाही. यांचा पाय बघवत नाही मला. बाकी तुला काय करायचं ते कर, पण पहार तुझ्याकडे आहे, एवढं ध्यानात ठेव.”

मी गाढवं तशीच माघारी वळवली. बत्तीस वर्षं या धंद्यात आहे, पण माती न टाकता परतलो तो त्याच दिवशी.

इकडे गावात धाकट्याने बोंब उठवली होती. वहिनीची भट्टी विझली, येशू आता विटा भाजणार! चहाच्या टपरीवर पैजा लागल्या. त्याने अंगणात साच्यांसाठी पत्र्याचं छप्परसुद्धा टाकून घेतलं. ही सगळी चर्चा पाळकसाहेबांच्या कानावर जात होती, आणि त्यांची झोप उडाली होती.

पाचव्या दिवशी भर दुपारी ते माझ्या दारात आले. सायकलच्या दांड्याला पोतं गुंडाळलेलं, त्यात लांबलचक काहीतरी. ती पहार होती.

“फक्त एक वीट,” ते हळूच म्हणाले. “कोपऱ्यातली. बघायची आणि परत बसवायची. आत्ता ती दादांना जेवायला वाढत असेल.”

“आणि येशूला काय सांगायचं?”

“अरे, त्याच्यासाठीच करतोय! भट्टी बिघडली तर माझ्या चर्चमध्ये पुढच्या रविवारी कोण येईल? त्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू, मलाही बघायचं होतं. मी गाढवं आडवी उभी केली आणि पहारा दिला. पाळकसाहेबांनी बाह्या सरसावल्या, चिखलाचं लिंपण खरवडलं, पहारेचं टोक घालून वीट ओढली. आतून आगीचा असा भपकारा आला, की त्यांची अर्धी डावी भुवई जागच्या जागी गेली. त्यांना भान कुठलं!

“जिवंत आहे!” ते नाचतच ओरडले. “जिवंत आहे! जिवंत आहे!”

वर्षातून एकदा, येशू थडग्यातून उठला त्या सणाला, ज्या सुरात ते हे चर्चमध्ये ओरडतात, त्याच सुरात.

खरकट्या हातांनी भट्टीवाली धावत आली. तिने भोक बघितलं, पहार बघितली, पाळकसाहेबांची अर्धी भुवई बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी गाढवाकडे बघितलं.

“पाळकसाहेब,” ती म्हणाली, आणि आवाज अजिबात चढवला नाही, तेच भयंकर होतं. “मी भट्टी येशूवर सोडली होती. तुमच्यावर नव्हती सोडली.”

तिने दोन्ही हातांनी चिखल उचलून भोक बुजवलं, वरून आणखी एक थर दिला. मग पदराला हात पुसत, इकडेतिकडे बघत, हळूच विचारलं, “आत लाल होतं का पिवळं?”

“लाल,” पाळकसाहेब पुटपुटले. “लालभडक.”

“विचारायला काही हरकत नाही,” ती मला म्हणाली. “उघडलं मी नाही.”

पण गार वारा आत गेला होता, आणि किती विटा खाऊन गेला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. उरलेले दोन दिवस मी घरात तोंड लपवून काढले. पाळकसाहेबांनी उपास धरला, असं ऐकलं.

सातव्या दिवशी आम्ही चौघांनी दादाला खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. गाव लोटलं होतं. पाळकसाहेबांनी पहार दोन्ही हातांवर आडवी धरून आणली आणि मान खाली घालून तिच्या पुढे केली. तिने घेतली, एकदा आभाळाकडे डोळे वटारले आणि कोपऱ्यात घातली.

पहिलीच वीट निघाली ती तडकलेली. दुसरीही. तिसरीचे दोन तुकडे हातात आले.

“बघा!” धाकटा ओरडला. “मी काय सांगत होतो? चला, साचे काढा!”

तिचा चेहरा पांढरा पडला. ती एकामागून एक विटा काढतच राहिली. साठेक विटा तडकलेल्या निघाल्या. मग एक निघाली ती अखंड.

खुर्चीतून दादा म्हणाला, “वाजव.”

तिने दुसरी काढली आणि दोन्ही एकमेकींवर आपटल्या. खणखणीत वाजल्या. पश्चिमेकडच्या काढल्या, त्या वाजल्या. मधल्या काढल्या, त्याही वाजल्या. वीस हजारांत त्या कोपऱ्यातल्या साठ सोडल्या तर एकही वीट मुकी नव्हती. दादा खुर्चीत बसून पोरासारखा रडला. ती रडली नाही. ती आभाळाकडे बघून म्हणाली, “एवढा जीव टांगणीला लावायची काही गरज होती का?”

धाकट्याने शब्द पाळला. तोंड उघडलं नाही, न बोलता घरी गेला. त्या छपराखाली आता त्याची शेळी बसते.

तडकलेल्या साठ विटा तिने माझ्या गाढवांवर लादल्या, वाहतुकीचा एक पैसा दिला नाही, आणि चर्चमध्ये पाळकसाहेब उभे राहून बोलतात त्या जागी स्वतःच्या हाताने फरसबंदी केली. पुढच्या रविवारी ते अर्ध्या भुवईने विश्वासावर बोलायला उभे राहिले आणि पायाखाली वीट करकरली. ते अडखळले.

“बोला, बोला,” पहिल्या रांगेतून ती म्हणाली. “खाली बघू नका.”

दोन विटा उरल्या होत्या, त्या माझ्या उंबऱ्याशी बसवून गेली. रोज पाय पडतो.

पुढची भट्टी लागली तेव्हा दादा काठी टेकत हिंडायला लागला होता. ती पहार घेऊन चर्चमध्ये आली. पाळकसाहेबांनी हात पुढे केले. ती त्यांच्या अंगावरून पुढे गेली, पहार टेबलाखाली ठेवली, दाराबाहेर येऊन कुलूप घातलं.

“किल्ली?” पाळकसाहेबांनी विचारलं.

मीही उगाच हात पुढे केला. तिने दोघांच्याही हातांकडे बघितलं आणि किल्ली दादाला दिली. दादा लंगडत गेला आणि त्याने ती सुतळीत ओवून म्हाताऱ्या गाढवाच्या गळ्यात बांधली. गाढवाने हूं की चूं केलं नाही. पाळकसाहेब सहज म्हणून जवळ गेले, तर त्याने दात दाखवले.

“बाई,” पाळकसाहेब दुखावल्या सुरात म्हणाले, “आमच्यापेक्षा गाढवावर भरवसा?”

“गावात शिरताना येशूनेही तेच केलं होतं,” ती म्हणाली, आणि माती तुडवायला निघून गेली.