डी कुठे गेली?

कोडीवालीने कॉम्प्युटर सुरू केला. स्क्रीनवर सी ड्राइव्ह होती. डी नव्हती. पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला, डोळे चोळले, चष्मा पुसला. डीचा पत्ता नाही.

ती वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी रचायची, म्हणून पुरवणीवाल्या बाईंपासून घरच्यांपर्यंत सगळे तिला कोडीवालीच म्हणत. डी म्हणजे दुसरी हार्ड डिस्क, तिच्यावर दहा वर्षांची कोडी होती. त्यातलं महाकोडं त्याच सकाळी छापून आलं होतं. त्याची उत्तरं दुपारी चारपर्यंत पुरवणीवाल्या बाईंना हवी होती. आता वाजले होते दोन.

"अगं, पण कोडं तूच रचलंयस ना? मग उत्तरं सांग की!" नणंद म्हणाली. ही नणंद पियानो सुरात लावायचं काम करायची. घरात तिला टुणटुणी म्हणत.

"तीन महिन्यांपूर्वी रचलंय. एकशे बारा शब्द! मला काल भाजी कुठली केली ते आठवत नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासरे म्हणाले, "काही घाबरू नकोस, सूनबाई. मी सोडवत आणलंय." अप्पा सुनेचं प्रत्येक कोडं सोडवत, तेही थेट शाईच्या पेनाने.

टुणटुणीने बाह्या सरसावल्या. "काल टेबल हलवलं तेव्हा हा कॉम्प्युटरचा डबा कुणी उचलला?"

"तुझ्या भावाने. दारावर आपटला आणि म्हणाला, काही झालं नाही."

"झालंच तर मग!"

वायर भिंतीतून काढून दोघींनी सीपीयूचा डबा आडवा केला, स्क्रू काढून एका वाटीत टाकले आणि बाजूचा पत्रा सरकवला. आतून धुळीचा असा भपकारा आला की दोघी आळीपाळीने सात-आठ वेळा शिंकल्या. मग वायर लावून नुसता सुरू केला. टुणटुणीने डोळे मिटून कान जवळ नेला.

"पंखा वाजतोय. दुसरं काहीच नाही. डिस्क फिरली तर बारीक घुमते. ही गप्प आहे."

पुन्हा बंद. कोडीवालीने बोटांनी चाचपलं. डिस्कला वीज पुरवणारी चपटी पिन अर्धी बाहेर लोंबत होती. ती दाबली, 'टक्' झालं, बटण दाबलं, आणि टुणटुणीने हात वर केले. "लागला! सूर लागला!"

दोघींनी एकमेकींचे हात धरून गिरकी घेतली. स्क्रीन उजळली. सी. फक्त सी.

"नालायक," कोडीवाली म्हणाली.

"बावीस आडवा," अप्पा म्हणाले. "'हाक मारा, लगेच उत्तर, शोधा, सापडणार नाही.' चार अक्षरी. चिरंजीव! आमचाच असणार."

टुणटुणीने तेवढ्यात त्याच चिरंजीवांना फोन लावला होता. तो स्पीकरवरून म्हणाला, "हो हो, आलोच!" आणि फोन कट झाला. अप्पांनी विजयी मुद्रेने पेन उचललं. कोडीवाली टेबल धरून हसायला लागली.

"वहिनी, हसू नकोस! डेटाची केबल कुठली?"

पुन्हा बंद करून कोडीवालीने ती लाल, पट्टीसारखी केबल मदरबोर्डवर ज्या खाचेत होती तिथून काढून शेजारच्या खाचेत घातली. सुरू होताना कोडीवाली डिलीटचं बटण टकाटक दाबत राहिली. विंडोजच्या आधी येणारा सेटिंग्जचा निळा पडदा उघडला. डिस्कच्या यादीत एकाऐवजी दोन नावं!

"दिसली! अगं, आहे ती! जिवंत आहे!"

"सूनबाई, बावीस उभा," अप्पांचं आपलं चालूच. "'खिडकीतून येतो, पण दार वाजवत नाही.' तीन अक्षरी. चिकाश."

"चिकाश म्हणजे काय, अप्पा?"

"म्हणजे... असेल एखादा जुना शब्द. चिरंजीवचा 'चि' आहे ना पहिला, 'काश' आडव्यांतून आलंय, मग चिकाशच येणार."

टुणटुणी जमिनीवर बसली ती उठेचना. कोडीवालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या पाण्यातच तिला एकदम आठवलं. "प्रकाश! अहो अप्पा, प्रकाश! म्हणजे बावीस आडवा प्रतिध्वनी!"

"दोन झाले," टुणटुणी धापा टाकत म्हणाली. "राहिले किती?"

अप्पांनी मोजलं. "चौतीस. आणि झालेल्यांपैकी काही चिकाशसारखे असतील."

साडेतीन झाले होते. विंडोज उघडलं तरी डी नव्हतीच. पण आता कोडीवालीला धीर आला होता. तिने डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे डिस्क धडधाकट होती, जागा जशीच्या तशी भरलेली. फक्त तिच्या नावाचं अक्षर गळालं होतं.

"हिला अक्षरच नाही! म्हणून दिसत नव्हती!"

"मग दे की! अक्षरं देणं हाच तर तुझा धंदा!"

तिने उजवं बटण दाबलं, यादीतून डी निवडलं, ओके केलं. खिडकी आपोआप उघडली. दहा वर्षांची कोडी ओळीने उभी. टुणटुणीने असा काही स्वर काढला की अप्पांनी कानांवर हात ठेवले.

पावणेचारला उत्तरं गेली. लगेच कोडीवालीने एक बाहेरची डिस्क जोडली आणि सगळ्याची दुसरी प्रत करायला लावली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. दोघी उघड्या डब्याशेजारी फतकल मारून तिच्याकडे बघत होत्या आणि काही कारण नसताना खिदळत होत्या.

पुरवणीवाल्या बाईंचा फोन आला. "मिळाली हो उत्तरं. पण तुमचा आवाज असा का येतोय? रडताय का?"

"नाही... चि... चिका..." कोडीवालीला पुढे बोलवेचना. टुणटुणीने फोन घेतला, तिलाही नाही जमलं. मग बाईही हसू लागल्या आणि म्हणाल्या, "मी कशाला हसतेय ते तरी सांगा!"